शेवटची घंटा कोण वाजवतं?

मुलांनो, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर आठवतोय का? बाहेर रणरणतं ऊन, वर्गात कुरकुरणारा पंखा आणि सगळ्यांचे कान घंटेकडे. घंटा होते, बाई पेपर गोळा करतात आणि मग अख्खी शाळा एका सुरात ओरडते, "सुट्टीऽऽ!" कंपासपेटी खुळखुळवत घरी पोचलं, की आईचा ठरलेला प्रश्न येतो, "कसा गेला?" आपलंही ठरलेलं उत्तर असतं, "बरा गेला." झालं! वर्ष संपलं. पुढे निकालाचा दिवस येतो, प्रगतिपुस्तक येतं आणि आपण वरच्या वर्गात जातो.

आता एक प्रश्न विचारू? ज्या मुलांची शाळा घरीच असते, त्यांचं वर्ष कसं संपतं? तिथे घंटा नाही, शिपाईकाका नाहीत, निकालाचा फळा नाही. मग "पाचवी संपली, आता सहावी" हे त्यांना कोण सांगतं?

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही हं! त्याचं उत्तर शोधत आपण आज पवईच्या तळ्याकाठी जाणार आहोत, तिथून थेट सह्याद्रीच्या जंगलात आणि मग अहमदनगरच्या एका कवीच्या घरात. आणि शेवटी हे उत्तर शाळेत जाणाऱ्या तुमच्याही उपयोगी पडणार आहे.

घरची शाळा म्हणजे ऑनलाइन वर्ग नव्हे

२०२० साली करोनामुळे सगळ्या शाळा बंद झाल्या आणि देशभरातली मुलं घरात अडकली. ज्यांच्याकडे मोबाईल होता ती मुलं त्यावर वर्गाला बसली. ज्यांच्याकडे नव्हता त्यांचं शिक्षणच थांबलं. तुमच्यातल्या मोठ्यांना ते दिवस आठवत असतील. पण त्याला घरची शाळा म्हणायचं नाही. ती तुमचीच शाळा होती, फक्त ती घरी आली होती. वेळापत्रक शाळेचं, पुस्तकं शाळेची, परीक्षाही शाळेचीच.

घरची शाळा वेगळी. तिथे काय शिकायचं, केव्हा शिकायचं, किती दिवस शिकायचं हे आईवडील आणि मुलं मिळून ठरवतात. आपल्या देशात अशी घरं थोडी आहेत, पण आहेत. कुणाच्या मुलाला आजारपणामुळे रोज शाळेत जाणं जमत नाही. कुणाच्या वडिलांची दर वर्षी बदली होते. कुणाला वाटतं, आपलं मूल वर्गाच्या पुढे धावतंय किंवा मागे रेंगाळतंय, त्याला त्याच्या चालीनं चालू द्यावं. आणि काही घरांना, विशेषतः काही ख्रिस्ती घरांना, असं वाटतं की प्रार्थना, घरकाम आणि अभ्यास हे तीन वेगळे कप्पे नसावेत. एकाच दिवसात ते एकमेकांत मिसळून जावेत.

तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती घरं? पण मुंबईत तर ख्रिस्ती संस्थांच्या शाळा म्हणजे केवढ्या नावाजलेल्या! प्रवेशासाठी आईबाबा रांगा लावतात. अगदी बरोबर. म्हणूनच मुंबईतली बहुतेक ख्रिस्ती मुलं तुमच्यासारखीच गणवेश घालून शाळेत जातात. अमेरिकेत मात्र १९८० नंतर हजारो ख्रिस्ती कुटुंबांनी घरची शाळा धरली आणि १९९३ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत तिला कायद्याची मान्यता मिळाली. जर्मनीत उलट! तिथे मुलांनी शाळेतच गेलं पाहिजे असा नियम आहे. एकाच गोष्टीकडे दोन देश किती वेगळ्या नजरेनं बघतात, नाही का?

तळ्याकाठचं एक घर

आता आपण पवईत एक घर कल्पूया. हे घर मनातलं आहे बरं का, पण त्याच्या आजूबाजूचं सगळं खरं आहे.

हे घर आहे ईस्ट इंडियन कुटुंबाचं. नावावरून फसू नका! ही मंडळी पूर्वेकडून आलेली नाहीत. ती मुंबई, साष्टी आणि वसई भागातली जुनी मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या सुमारास त्यांनी हे नाव घेतलं. पवईत होली ट्रिनिटी नावाचं चर्च आहे. आपल्या कल्पनेतलं घर त्या बाजूचंच. घरात आई, बाबा, आजी, चौदा वर्षांची ताई आणि दहा वर्षांचा धाकटा.

सकाळी सात वाजता जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून शाळांच्या बस भोंगे वाजवत जातात, तेव्हा धाकटा खिडकीत उभा राहून त्या मोजतो. त्याला मजा वाटते. कधी कधी वाईटही वाटतं, पण ते मागाहून बघू. मग प्रार्थना होते. आजी मराठी बायबलमधला एक उतारा वाचते आणि पुस्तक मिटून म्हणते, "आता सांग बघू, काय ऐकलंस?" धाकट्यानं ते आपल्या शब्दांत सांगायचं. झाला मराठीचा पहिला तास!

गणित, विज्ञान, इंग्रजी जेवणापर्यंत उरकतं. एका आईसमोर दोनच मुलं. हजेरी नाही, मधली रांग नाही. त्यामुळे वेळ वाचतो. दुपारची शाळा बाहेर भरते. आणि पवईत बाहेर काय कमी आहे?

तळंच घ्या. पवईचं तळं निसर्गानं दिलेलं नाही, माणसानं बांधलेलं आहे. मुंबईला पाणी कमी पडत होतं म्हणून १८९१ च्या सुमारास बांध घालून ते तयार केलं. विहार आणि तुळशी हे शेजारचे तलाव त्याच्याही आधीचे. पवईचं पाणी पुढे पिण्याजोगं राहिलं नाही. तळ्यात मगरी आहेत, जलपर्णीची हिरवी गादी आहे, हिवाळ्यात पाणपक्षी येतात. आणि विहार-पवईचं ओसंडणारं पाणी घेऊन निघते ती मिठी नदी, जी पुढे माहीमच्या खाडीला मिळते. म्हणजे एका तळ्यात इतिहास, भूगोल, जीवशास्त्र तिन्ही आले!

आणि गणित? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आता तुमच्या घराच्या गच्चीचं क्षेत्रफळ काढा आणि त्या दिवशी तिच्यावर किती लिटर पाणी कोसळलं असतं ते सांगा. मिठीला पूर का आला, ते आकड्यांतून लगेच कळेल.

मसाल्यातला अभ्यास, कालनिर्णयातलं आकाश

मार्च-एप्रिलमध्ये तुमची परीक्षा जवळ आली की घरात "अभ्यास कर" हा जप सुरू होतो. आपल्या पवईच्या घरात त्या दिवसांत दोन गोष्टी घडतात.

पहिली म्हणजे ईस्टर. नाताळ कसा दर वर्षी २५ डिसेंबरला येतो. ईस्टर मात्र २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये पुढेमागे सरकतो. असं का? त्याचा नियम असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा. मग धाकटा भिंतीवरचं कालनिर्णय काढतो आणि पौर्णिमा शोधतो. २०२५ साली १२ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती होती. ईस्टर आला २० एप्रिलला. त्याआधीच्या वर्षी, २०२४ ला, ती पौर्णिमा फाल्गुनातली निघाली. २५ मार्चला धुळवड आणि ३१ मार्चला ईस्टर! शेजारच्या काकूंचा सण आणि आपला सण एकाच चंद्राकडे बघून ठरतो, हे धाकट्याला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. त्यानं स्वतः शोधून काढलं. चर्चनं वापरायची पौर्णिमा गणितानं काढलेली असते, त्यामुळे क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो, हेही ताईनं त्याला सांगितलं.

दुसरी गोष्ट म्हणजे बाटली मसाला. ईस्ट इंडियन घरांतला हा मसाला उन्हाळ्यातच होतो. मिरच्या, हळद, धणे, तीळ, खसखस, दालचिनी असे वीस-पंचवीस जिन्नस वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद तपकिरी बाटल्यांत दाबून भरायचे. त्या बाटल्यांवरूनच हे नाव पडलं. पांढऱ्या काचेपेक्षा गडद काचेत उजेड कमी शिरतो आणि मसाल्याचा रंग-वास टिकतो. आजी सांगते, "यंदा निम्माच करू." की ताईनं वही घ्यायची आणि प्रत्येक जिन्नस निम्मा करून लिहायचा. पाव किलोचा निम्मा किती? सव्वाशे ग्रॅम. दीड तोळ्याचा निम्मा? हं, इथे ताई अडते. कारण आजीची मापं अजून तोळ्यात आहेत! चूक झाली तर तांबडी रेघ बसत नाही, पण वर्षभर कालवण बेचव होतं. अशी परीक्षा कुणाला आवडेल?

जंगलातली शाळा

तुम्हाला वाटेल, हे घरी शिकण्याचं खूळ नवीन दिसतंय. मुळीच नाही! आपल्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली घरच्या शाळेची सर्वांत विलक्षण विद्यार्थिनी जन्मली १८५८ साली. तिचं नाव रमा डोंगरे. पुढे जग तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागलं.

रमाचे वडील अनंतशास्त्री हे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं. त्या काळी बाईमाणसानं संस्कृत शिकणं म्हणजे पाप! लोकांनी फार विरोध केला. तेव्हा शास्त्रीबुवा पत्नीला घेऊन सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी जाऊन राहिले. रमा तिथेच जन्मली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत, पायी देशभर फिरलं. ना घर, ना शाळा. रमाची आई तिला पहाटे, दिवसाची कामं सुरू होण्याआधी, जवळ घेऊन शिकवायची. ऐकायचं, म्हणायचं, पुन्हा म्हणायचं. असे हजारो श्लोक रमाला पाठ झाले. चालता चालता तिला मराठी, कानडी, हिंदी, बंगाली अशा भाषाही येऊ लागल्या.

मग दुष्काळ आला. १८७४ ते १८७६ च्या त्या काळात आई, वडील आणि बहीण तिघंही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत राहिले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला प्रश्न विचारले, तिचं संस्कृत ऐकलं आणि तिला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या.

बघा हं! जिनं आयुष्यात एकदाही पेपर दिला नव्हता, तिची पहिली परीक्षा ही अशी झाली, आणि शिकवणारी आई निकाल ऐकायला नव्हती. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं.

एका कवीचं घर

आता अहमदनगरला जाऊ. आज या शहराचं नाव अहिल्यानगर आहे. तिथे राहायचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी.

लक्ष्मीबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या होत्या अवघ्या अकरा वर्षांच्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, घरातच, टिळकांकडून. शिकवणारे तापट, शिकणारी हट्टी! धडे सुरू व्हायचे, बंद पडायचे, पुन्हा सुरू व्हायचे. अशा रखडत चाललेल्या घरच्या शाळेतून काय निघालं माहीत आहे? १९३४ पासून चार भागांत आलेलं "स्मृतिचित्रे" हे आत्मचरित्र. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत आजही त्याचं नाव घेतलं जातं. टिळकांचं अपुरं राहिलेलं "ख्रिस्तायन" हे महाकाव्यही लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं.

त्या घरात आणखी एक विद्यार्थी येऊन राहिला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं. तिथे एका किशोरवयीन मुलानं कविता म्हटली आणि सगळे थक्क झाले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. म्हणजे कोण, ओळखलंत? आपले बालकवी! टिळकांनी त्याला आपल्या घरी आणलं. एक ख्रिस्ती घर आणि त्यात राहणारा हिंदू मुलगा. लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली आणि टिळकांच्या सहवासात त्याची कविता वाढली. तुमच्या मराठीच्या पुस्तकात बालकवींची कविता आली, की या घराचीही आठवण ठेवा.

मग वर्ष संपतं कसं?

चला, आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात घरी शिकणाऱ्या मुलांसाठी एक नियम आहे. वर्षात १८० दिवस किंवा लहान मुलांसाठी ९०० तास शिकायचं, कोणकोणती पुस्तकं वाचली त्याची नोंद ठेवायची आणि केलेल्या कामाचे नमुने एका फाईलमध्ये लावायचे. वर्षाच्या शेवटी एक जाणकार माणूस ती फाईल चाळतो आणि मुलाशी गप्पा मारतो. काम झालेलं दिसलं की तो तसं लिहून देतो. मग वर्ष संपलं!

इंग्लंडमध्ये शार्लट मेसन नावाच्या एक शिक्षणतज्ज्ञ बाई होऊन गेल्या. त्यांचा काळ १८४२ ते १९२३. त्यांची पद्धत अशी, की चांगला उतारा एकदाच वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. पवईच्या आजीनं धाकट्याला सांगितलं तसंच! घरी शिकणाऱ्या मुलांना त्या टपालानं प्रश्नपत्रिका पाठवत. त्यातले प्रश्न गाळलेल्या जागांचे नसत. "अमुक गोष्टीबद्दल तुला काय माहीत आहे ते सांग," असे असत. म्हणजे काय येत नाही ते पकडण्याऐवजी काय येतं ते विचारायचं.

आपल्या पवईच्या घरातही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अशीच बैठक बसते. धाकटा वर्षभराच्या वह्या, तळ्याकाठच्या पक्ष्यांची चित्रं आणि पौर्णिमांचा तक्ता जमिनीवर मांडतो. बाबा, आजी आणि शेजारच्या काकू "परीक्षक" होतात. तो सांगतो, त्या विचारतात. एखादं येत नसेल तर ते पुढच्या वर्षाच्या यादीत जातं. गेल्या वर्षी अपूर्णांकांचा भागाकार यादीत गेला. धाकटा रडला. शाळेत चार गुण गेले असते आणि तो पुढच्या धड्याला लागला असता. इथे भागाकार येईपर्यंत सुटका नाही!

एका कागदाची गोष्ट

पण ताईचं काय? ती चौदा वर्षांची. काकूंच्या शाबासकीवर कुठलं कॉलेज तिला प्रवेश देणार? दाखला हवा, गुणपत्रिका हवी. इथे घरच्या शाळेची खरी कसोटी लागते, म्हणून हा भाग आईबाबांनीही वाचावा.

१ एप्रिल २०१० पासून आपल्याकडे शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालंच पाहिजे आणि मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं तो सांगतो. घरच्या शाळेसाठी त्यात वेगळी तरतूद नाही. मात्र शाळेबाहेर राहिलेलं मूल परत आलं, तर त्याला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवावं, असं कलम त्यात आहे.

दहावीसाठी ताईपुढे मुख्य वाट आहे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. वय चौदा पूर्ण हवं. एका भाषेसह किमान पाच विषय घ्यायचे. मराठी माध्यमही मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यायची सक्तीही नाही. जी मुलं शाळेत जात होती आणि मध्येच सुटली, त्यांच्यासाठी आपल्या राज्य मंडळाचा "सतरा नंबरचा फॉर्म" आहे. नियम बदलत असतात, म्हणून ज्या त्या वर्षी मंडळाकडूनच नीट विचारून घ्यावं.

हा कागद किती महत्त्वाचा, ते एका खऱ्या गोष्टीतून बघा. मुंबईची मालविका जोशी सातवीत असताना शाळेतून बाहेर पडली आणि आईच्या मदतीनं घरी शिकू लागली. तिला संगणकाच्या प्रोग्रॅमिंगचं वेड लागलं. जागतिक ऑलिंपियाडमध्ये तिनं दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली. आता अशा मुलीनं पवईच्या आयआयटीत जायला काय हरकत होती? हरकत एकच होती. आयआयटीच्या प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असावं लागतं, आणि मालविकाकडे दहावी-बारावीचा कागदच नव्हता. घराजवळचं ते दार बंदच राहिलं. २०१६ साली अमेरिकेतल्या जगप्रसिद्ध एमआयटीनं मात्र तिची पदकं पाहून तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला.

दुसरी गोष्ट दिल्लीच्या सहल कौशिकची. तोही आईकडे घरीच शिकला. पण त्यानं बारावीची परीक्षा दिली, आणि २०१० साली चौदाव्या वर्षी आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत देशात तेहतिसावा आला. दोघंही हुशार. एकीनं कागदाशिवाय दूरचं दार उघडलं, दुसऱ्यानं कागद हातात घेऊन जवळचं. जागतिक पदक मात्र सगळ्यांनाच मिळत नाही. म्हणून आपल्या पवईच्या ताईनं परीक्षेचा फॉर्म भरायचं ठरवलंय. शहाणीच आहे!

खिडकीतला धाकटा

मघाशी आपण धाकट्याला खिडकीत उभा सोडून आलो होतो. बस मोजताना त्याला कधी कधी वाईट का वाटतं? कारण बसमध्ये दंगा चाललेला असतो. कबड्डीची टीम, डब्यातली वाटावाटी, गॅदरिंगचं नाटक, बाईंची नक्कल, हे सगळं दोघा भावंडांत कसं होणार? रविवारी चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मित्र भेटतात, संध्याकाळी इमारतीखाली क्रिकेट होतं. पण रोजचा बाकावरचा शेजारी नाही तो नाहीच.

आईचंही सोपं नाही. तिनं नोकरी सोडली, म्हणजे घरात एकच पगार. आणि रागावलेली "बाई" स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा "आई" कशी होणार? शाळेतल्या बाई रागावल्या तर आपण घरी येऊन आईच्या कुशीत शिरतो. इथे दोघी एकच! त्यामुळे या घरात दर तीन महिन्यांनी मुलांना विचारतात, "शाळेत जायचंय का?" आणि उत्तर "हो" आलं तर ते खरंच ऐकायचं, असं ठरलेलं आहे.

त्याहून मोठी गोष्ट रमाबाईंनी दाखवून दिली. घरी शिकून एवढी मोठी झालेली ही बाई. तिनं सगळ्या मुलींना घरीच शिका असं सांगितलं का? नाही! ११ मार्च १८८९ ला तिनं मुंबईत "शारदासदन" नावाची शाळा आणि वसतिगृह काढलं. पुढे पुण्याजवळ केडगावला "मुक्ती" वसवलं. का बरं? कारण प्रत्येक मुलीच्या नशिबी अनंतशास्त्र्यांसारखा बाप आणि लक्ष्मीबाईंसारखी आई नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्यांच्या घरात शिकवणारं कुणी नाही, किंवा शिकू देणारंच कुणी नाही, त्यांच्यासाठी शाळा हे एकच दार असतं. अशी मुलं आजही आहेत, अगदी तुमच्या शेजारच्या बाकावरसुद्धा असतील.

आता तुमची पाळी

तेव्हा शाळा चांगली की घर चांगलं, असं भांडण आपण लावायचं नाही. पण पवईच्या घरातली एक गोष्ट आपण उचलायची. त्याला पैसे पडत नाहीत आणि शाळाही सोडावी लागत नाही.

यंदा वार्षिक परीक्षा संपली की निकालाची वाट न बघता एक दुपार काढा. तीन कोरे कागद घ्या. पहिल्यावर लिहा: या वर्षी मला काय काय येऊ लागलं? त्यात पोहणं, पोळी लाटणं, रेल्वेचं तिकीट काढणं हेही चालेल. दुसऱ्यावर लिहा: काय अजून येत नाही? इथे खोटं लिहायचं नाही हं, हा कागद बाई बघणार नाहीत. तिसऱ्यावर लिहा: कुणी कुणी मला शिकवलं? बाई-सर तर आहेतच. पण आजी, दादा, रिक्षावाले काका, शेजारची मैत्रीण यांनाही विसरू नका.

मग संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना गोळा करा. पुस्तकं मिटा आणि पहिल्या कागदातली कुठलीही एक गोष्ट त्यांना समजावून सांगा, अशी की आजोबांनाही कळली पाहिजे. ती त्यांना कळली, तर तुमचं वर्ष खरंच संपलं. नाही कळली, तर दुसऱ्या कागदावर आणखी एक ओळ वाढवा. आहे काय त्यात! अख्खा मे महिना पडलाय.

आईबाबांनो, तुम्हीही एक करा. निकाल हातात यायच्या आधी हे तीन कागद वाचा. गुणपत्रिकेवर टक्के असतात. तिसऱ्या कागदावर कदाचित तुमचं नाव असेल.

आणि हो, घरात देव्हाऱ्यातली, सायकलची, नाहीतर जुन्या अलार्मची एखादी घंटा असेलच. तुमचं सांगून झालं की ती स्वतःच्या हातानं वाजवा. टण् टण् टण्! आणि मग ओरडा, "सुट्टीऽऽ!"